प्रेमनिरोप, लॅटिन एलिजीकाव्यातील

प्रेयसीशी असलेला आपला संबंध संपला आहे किंवा प्रेमाच्या दास्यातून आपण मुक्त झालो आहोत, असे कवीने उघडपणे जाहीर करणारा लॅटिन एलिजीकाव्यातील एक रूढ रचनाप्रकार. लॅटिन साहित्याचे अभ्यासक त्यास ‘रेनुन्तिआतिओ आमोरिस’ (प्रेमत्यागाची घोषणा) ह्या संज्ञेने ओळखतात. इ. स. पू. पहिल्या शतकाच्या मध्यापासून इ. स. च्या आरंभापर्यंतच्या सु. साठ वर्षांत कातुलुस, तिबुलुस, प्रोपर्तिउस आणि ऑव्हिड ह्या कवींनी तो घडविला. ह्या कवितांत कवी प्रेयसीच्या अपराधांचा पाढा वाचतो, आपण भोगलेल्या दास्याबद्दल लाज व्यक्त करतो, सुटका झाल्याबद्दल देवतेचे ऋण मानतो आणि कित्येकदा प्रेयसीला तिच्या भावी वार्धक्याचे भय घालतो. तथापि अशा बहुतेक निरोपांनंतर कवी पुन्हा त्याच उंबरठ्यावर येतो, निदान तशी वाट मोकळी ठेवतो. सोडून जाण्याचा निश्चय आणि सोडवत नाही हा अनुभव ह्यांतील ताण हाच ह्या रचनाप्रकाराचा गाभा होय.

संज्ञा व स्वरूप : ‘रेनुन्तिआतिओ’ ह्या शब्दाच्या मुळाशी ‘नुन्तिउस’ म्हणजे निरोप्या हा शब्द आहे. निरोप पोहोचविणे, अधिकृतपणे कळविणे व त्यावरून संबंध तोडल्याचे कळविणे, असा त्याचा अर्थविस्तार झाला. मराठीतील ‘निरोप’ ह्या शब्दालाही संदेश आणि ताटातूट असे दोन्ही अर्थ असल्यामुळे तो येथे विशेष समर्पक ठरतो. रोमन समाजात मैत्री हे केवळ भावनिक नाते नव्हते; त्यात परस्परांच्या कर्तव्यांचा अंतर्भाव होता व ती मोडावयाची तर तसे रीतसर कळविण्याची प्रथा होती. सेनापती जर्मानिकस ह्याने इ. स. १९ मध्ये पीसो ह्या प्रतिस्पर्ध्यास पत्र पाठवून मैत्री संपल्याचे कळविले, असे इतिहासकार टॅसिटस नमूद करतो. घटस्फोटातही एका पक्षाने दुसऱ्यास तसे कळविणे, आपापल्या वस्तू घेऊन जाण्यास सांगणे, ही रूढी होती. एलिजीकारांनी सार्वजनिक जीवनातील ही भाषा अशा एका नात्यासाठी वापरली, की ज्याला कायद्याची मान्यता नव्हती व जे मोडण्यासाठी कोणत्याही घोषणेची आवश्यकता नव्हती. विशिष्ट रचनाप्रकाराचे नाव म्हणून ही संज्ञा आधुनिक अभ्यासकांनी रूढ केली. फ्रान्सिस केर्न्स ह्या अभ्यासकाच्या १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ग्रीक व रोमन कवितेच्या अनेक प्रकारांबरोबर ह्या प्रकाराच्या घटकांचेही पद्धतशीर विवेचन आढळते.

‘एलिजी’ ह्या शब्दाबद्दलही खुलासा करणे अवश्य आहे. मराठीत त्यासाठी ‘विलापिका’ हा पर्याय रूढ आहे आणि त्यातून मृताविषयीच्या शोककवितेचा बोध होतो. ग्रीक व लॅटिन साहित्यांत मात्र एलिजी ही संज्ञा प्रथमतः छंदावरून ठरते. पहिली ओळ सहा गणांची व दुसरी पाच गणांची, अशा द्विपदींची ती मालिका असते. पहिली ओळ महाकाव्याच्या छंदातील असून दुसरीत तो आवेग ओसरतो. लॅटिनमध्ये गणासाठी वापरला जाणारा शब्द ‘पाय’ ह्या अर्थाचा आहे. त्यावर श्लेष साधून ऑव्हिडने आमोरेस ह्या संग्रहाच्या आरंभी सांगितले आहे, की आपण महाकाव्य लिहिणार होतो. पण मदनाने हसत हसत दुसऱ्या ओळीचा एक पाय चोरला. प्रत्येक उठावानंतर ओसरणारा हा छंद निश्चय आणि त्याचा भंग ह्यांच्या चित्रणास फार अनुकूल ठरला.

सामाजिक पार्श्वभूमी : एलिजीतील प्रियकर हा बहुधा स्वतंत्र कुळातील, सुखवस्तू रोमन नागरिक असतो. सैन्यात किंवा न्यायसभेत नाव मिळविणे हे त्याच्या वर्गाचे कर्तव्य मानले जाई. तो मात्र एका स्त्रीच्या दारी रात्र काढतो, तिला ‘दोमिना’ म्हणजे मालकीण म्हणतो आणि स्वतःस तिचा गुलाम म्हणवून घेतो. ‘दोमिना’ हा शब्द घरातील दासदासी आपल्या धनिणीसाठी वापरीत. ज्या समाजात गुलामगिरी ही प्रत्यक्ष संस्था होती व गुलामास फटके मारणे ही नित्याची बाब होती, तेथे नागरिकाने स्वतःस गुलाम म्हणणे हे धक्कादायक होते. ऑगस्टस ह्या सम्राटाने इ. स. पू. १८ च्या सुमारास विवाह व व्यभिचार ह्यांसंबंधी कायदे करून उच्च वर्गाच्या खासगी जीवनाला वळण लावण्याचा प्रयत्न केला. ह्या वातावरणात विवाहबाह्य प्रेमालाच जीवनाचे सर्वस्व मानणारे काव्य हे एक प्रकारचे आव्हानच होते. प्रेमाचा निरोप घेणे म्हणजे त्या आव्हानापासून माघार घेऊन पुन्हा प्रतिष्ठित नागरिक होणे, असा त्याचा सामाजिक अर्थ होतो. म्हणूनच ह्या कवितांत गुलामाची मुक्तता, रोग्याचे बरे होणे, वेडातून शुद्धीवर येणे आणि वादळातून निघालेल्या गलबताचे बंदराला लागणे, ह्या प्रतिमा पुनःपुन्हा येतात. हा त्याग म्हणजे वैराग्य मात्र नव्हे. कवी संसाराकडे किंवा विषयांकडे पाठ फिरवीत नाही. एका विशिष्ट व्यक्तीच्या सत्तेतून त्याला सुटावयाचे असते.

पूर्वपीठिका : ह्या प्रकाराची काही सूत्रे पूर्वीच्या साहित्यात सापडतात. टेरेन्सच्या यूनुखुस (इ. स. पू. १६१) ह्या सुखात्मिकेच्या आरंभी एक तरुण, प्रेयसीने अपमान करून पुन्हा बोलाविले असता जावे की न जावे, ह्या विवंचनेत पडलेला दिसतो आणि त्याचा गुलाम त्याला व्यवहारज्ञान शिकवितो. ग्रीक सूक्तिकाव्यात (एपिग्रॅम) निवृत्त होणारा कोळी, शिकारी वा सैनिक आपली साधने देवाला अर्पण करतो, असा एक लोकप्रिय प्रकार होता. प्लेटोच्या नावावर असलेल्या अशा एका रचनेत लाइस ही वयस्क गणिका आपला आरसा देवतेला वाहते. कारण त्यात आज जे दिसते ते तिला पाहावयाचे नसते आणि पूर्वी जे दिसत असे ते आता दिसणार नसते. अर्पण आणि आरसा ही दोन्ही सूत्रे पुढे एलिजीकारांनी उचलली. प्रेम हा मनाचा विकार असून त्यावर उपचार करावयास हवेत, हा विचार तत्त्वज्ञांनी मांडला होता. ल्युक्रीशिअसने आपल्या तत्त्वज्ञानपर काव्याच्या चौथ्या खंडात प्रेमातील भ्रमांची चिकित्सा केली, तर सिसेरोने इ. स. पू. ४५ मधील एका ग्रंथात मन दुसऱ्या विषयात गुंतविणे, स्थलांतर करणे असे उपाय सांगितले.

कातुलुस (इ. स. पू. सु. ८४–५४) : लॅटिन प्रेमनिरोपाचा खरा आरंभ कातुलुसपासून होतो. लेझ्बिया ह्या नावाने त्याने जिच्यावर कविता लिहिल्या, तिचे खरे नाव क्लोदिया असल्याचे दुसऱ्या शतकातील लेखक आपुलेयुस सांगतो. कातुलुसच्या संग्रहातील तीन कविता ह्या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. त्यांपैकी एकच एलिजीच्या छंदात आहे. आठव्या कवितेत तो स्वतःलाच नावाने हाक मारून गेलेले गेले असे समजण्यास बजावतो. नंतर तो प्रेयसीचा निरोप घेतो. पण लगेच आता तुझ्याकडे कोण येईल, तू कोणाचे चुंबन घेशील, अशा प्रश्नांची सरबत्ती सुरू होते. प्रश्न जसजसे अधिक जवळिकीचे होतात, तसतसा निश्चय ढासळत जातो आणि अखेरीस त्याला स्वतःस पुन्हा दटावावे लागते. अकराव्या कवितेत तो फ्युरिउस व आउरेलिउस ह्या दोघांकरवी तिला एक कठोर निरोप पाठवितो. हे मित्र त्याच्याबरोबर जगाच्या टोकापर्यंत जावयास सिद्ध आहेत, असे म्हणताना त्याने दूरस्थ भारतीयांपासून ब्रिटनपर्यंतच्या देशांचा उल्लेख केला आहे. एवढ्या विस्तीर्ण जगाच्या चित्रानंतर शेवटी कुरणाच्या कडेला नांगराच्या निसटत्या स्पर्शाने तुटलेले फूल येते. जे प्रेम मेले ते त्या फुलाप्रमाणे, आणि नांगराला त्याची जाणीवही नाही. ७६ वी कविता एलिजीच्या छंदात आहे. तीत तो देवांजवळ प्रार्थना करतो. तिने आपल्यावर प्रेम करावे किंवा एकनिष्ठ राहावे, असे मागणे त्याने आता सोडून दिले आहे. ह्या रोगातून आपण बरे व्हावे, एवढेच त्याचे मागणे आहे. निरोप देण्याची शक्ती स्वतःत नाही, ती देवांनी द्यावी, ही ह्या कवितेतील कबुली पुढील सर्व परंपरेला पायाभूत ठरली.

गालुस (इ. स. पू. सु. ७०–२६) : रोमन प्रेमएलिजीचा प्रवर्तक म्हणून कोर्नेलिउस गालुस ह्याचा निर्देश केला जातो. लिकोरिस ह्या नावाने त्याने एका नटीवर चार खंड रचले. ते लुप्त झाले असून १९७८ मध्ये ईजिप्तमधील कस्र इब्रीम येथे काही ओळींचे पपायरस सापडेपर्यंत त्याची केवळ एकच ओळ ज्ञात होती. त्याच्या प्रेमाचे चित्र व्हर्जिलच्या दहाव्या गोपगीतात पाहावयास मिळते. लिकोरिस एका सैनिकाबरोबर आल्प्सच्या बर्फाळ प्रदेशात निघून गेलेली आहे. गालुस रानावनात राहून, शिकारीत मन रमवून तिला विसरण्याचा संकल्प सोडतो. परंतु बोलता बोलताच हा आपल्या वेडावरील उपाय नव्हे, हे त्याच्या ध्यानात येते आणि तो प्रेमापुढे शरण जातो. प्रेमाचा निरोप घेऊ पाहणारा व त्याच कवितेत हार मानणारा प्रियकर येथे प्रथम पूर्णाकृती दिसतो. गालुसच्या आयुष्याचा शेवटही एका निरोपानेच झाला. ईजिप्तचा पहिला रोमन प्रशासक झालेल्या गालुसशी ऑगस्टसने मैत्री तोडली व त्याला आपले घर बंद केले. त्यानंतर त्याने आत्महत्या केली.

तिबुलुस (इ. स. पू. सु. ५५–१९) : तिबुलुसच्या दोन खंडांत डेलिया, नेमेसिस ह्या स्त्रिया व मॅरॅथस हा तरुण ह्यांच्यावरील कविता आहेत. पहिल्या खंडातील पाचव्या कवितेचा आरंभच पश्चात्तापाने होतो. ताटातूट आपण सहज सोसू, असे तो फुशारकीने बोलला होता. आता पोराने फिरविलेल्या भोवऱ्यासारखी त्याची गत झाली आहे. म्हणजे निरोप कवितेपूर्वीच घडून गेला आहे आणि कवितेत त्याचा पराभव तेवढा दिसतो. ह्याच खंडातील नवव्या कवितेत धनाच्या लोभाने दुसऱ्याकडे गेलेल्या मॅरॅथसचा त्याने धिक्कार केला आहे. त्याच्या स्तुतीपर लिहिलेल्या कवितांची आता लाज वाटते, त्या अग्नीने जाळाव्यात आणि नदीने धुऊन न्याव्यात, अशी इच्छा तो व्यक्त करतो. अखेरीस मुक्तता झाल्याबद्दल व्हीनसला सोन्याची ताडाची फांदी अर्पण करण्याचा संकल्प करतो. दुसऱ्या खंडातील अखेरच्या कवितेत युद्धावर निघालेल्या मित्राबरोबर आपणही छावणीत जावे, असे तो ठरवितो. पण मोठमोठ्या गप्पा बंद दाराशी येऊन संपतात. तेथे परतणार नाही अशी शपथ त्याने कितीदा तरी घेतली आहे आणि प्रत्येक वेळी पाऊल आपण होऊन तिकडे वळले आहे. पाऊल व छंदातील गण ह्यांसाठी लॅटिनमध्ये एकच शब्द असल्याने, कवीला परत नेणारे पाऊल हे त्याच्या छंदाचेही आहे, असा अर्थ येथे घेता येतो.

प्रोपर्तिउस (इ. स. पू. सु. ५०–१५) : ह्या रचनाप्रकाराचा सर्वांत विस्तृत आविष्कार प्रोपर्तिउसच्या काव्यात झाला. त्याच्या चार खंडांपैकी पहिल्याचा पहिला शब्दच ‘सिंथिया’ हे प्रेयसीचे नाव आहे. त्या आरंभीच्या कवितेत तिच्या डोळ्यांनी त्याला बंदी केले आहे, प्रेमदेवतेने त्याच्या मस्तकावर पाय रोवला आहे आणि मित्रांनी आपल्यावर शस्त्राने वा डागणीने उपचार करावेत, आपल्याला दूरदेशी न्यावे, अशी तो याचना करतो. तिसऱ्या खंडाच्या उत्तरार्धात हे उपाय एकामागून एक येतात. १७ व्या कवितेत तो मद्याची देवता बॅकस हिला प्रेमपीडेतून सोडविण्याची विनंती करतो. २१ व्या कवितेत अथेन्सच्या प्रवासाचा बेत करतो. खंडाच्या शेवटच्या दोन कविता (३·२४ व ३·२५) ही निरोपाची औपचारिक घोषणा होय. काही संपादक त्या दोन्ही मिळून एकच कविता मानतात.

ह्या समारोपात पहिल्या कवितेतील प्रतिमा जाणीवपूर्वक उलटविल्या आहेत. तिच्या ज्या सौंदर्याची त्याने ख्याती केली ते खोटे होते. त्याच्या डोळ्यांनीच तिला इतके गर्विष्ठ केले. मित्रांनी किंवा थेसलीतील चेटकिणींनी जे साधले नाही ते आता आपोआप घडले आहे. त्याचे गलबत पुष्पमाला लेवून बंदराला लागले आहे. ‘मेन्स बोना’ म्हणजे सद्‌बुद्धी ह्या देवतेच्या देवालयात तो स्वतःस अर्पण करतो. मेन्स ह्या देवतेचे मंदिर रोममध्ये कॅपिटोल टेकडीवर होते. इ. स. पू. २१७ मधील ट्रॅझिमीन सरोवराच्या लढाईतील पराभवानंतर ते नवसाने बोलले गेले व इ. स. पू. २१५ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली; त्याच वेळी त्याला लागूनच व्हीनसचेही मंदिर उभारण्यात आले. दोहोंमध्ये केवळ एका पाटाचे अंतर होते, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. सद्‌बुद्धी आणि प्रेम ह्यांतील हे अंतर किती अल्प होते, ह्याची प्रचीती पुढील कवितेत येते. तीत मेजवान्यांमधून झालेली कुचेष्टा व पाच वर्षे केलेली एकनिष्ठ सेवा ह्यांचा उल्लेख आहे. जाताना मी रडेन, असे कवी स्वतःच म्हणतो; मात्र अपमानाचे दुःख ह्या अश्रूंपेक्षा मोठे आहे. ज्या दारावर त्याने रागाने कधी हात उगारला नाही, त्या दाराचाही तो निरोप घेतो. शेवटी शाप येतो : तिला पांढरे केस उपटावे लागतील, सुरकुत्या दाखविणाऱ्या आरशाकडे ती भीतीने पाहील आणि ज्या दाराबाहेर तिने इतरांना तिष्ठत ठेवले तशाच दाराबाहेर तिला तिष्ठावे लागेल.

ह्या निरोपात केवळ प्रेमाचाच प्रश्न नाही. सिंथियाची कीर्ती कवीच्या कवितेने निर्माण केलेली आहे आणि ती परत घेण्याची धमकी तो देत आहे. दुसऱ्या खंडातील एका अतिशय लहान कवितेत (२·११) त्याने हे स्पष्टच सांगितले आहे : तिच्यावर इतरांनी लिहावे किंवा ती अज्ञात राहावी; तिच्या थडग्यावरून जाणारा वाटसरू येथे एक विदुषी होती, असे म्हणणार नाही. स्तुती करणाराच निंदा करू लागला, तर पूर्वीच्या स्तुतीवर तरी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न मात्र त्यामुळे अटळ होतो.

प्रेयसीचे उत्तर : निरोपाच्या कवितांत प्रेयसीला बोलण्याची संधी सहसा मिळत नाही. प्रोपर्तिउसचा चौथा खंड (इ. स. पू. सु. १६) हा त्यास लक्षणीय अपवाद आहे. त्यातील सातव्या कवितेत मृत सिंथियाची छाया कवीच्या उशाशी येते. तिची वस्त्रे चितेत जळालेली आहेत, बोटातील अंगठी अग्नीने झिजली आहे. आपल्या अंत्यविधीला कवीने टाळाटाळ केली, असा आरोप करून ती शपथेवर सांगते, की आपण एकनिष्ठ होतो. म्हणजे ज्या आरोपावर त्याचा सारा निरोप उभा होता, तोच ती खोडून काढते. आपल्या नावाने रचलेल्या कविता जाळून टाकाव्यात, अशी मागणी ती करते व आन्यो नदीकाठच्या आपल्या थडग्यावर कोरावयाचा मजकूर स्वतःच सांगते. तिबुलुसने लाजेपोटी आपल्या कविता जाळण्याची इच्छा केली होती; येथे जिच्यावर त्या लिहिल्या तीच त्या नको म्हणते. लगेच पुढील कवितेत सिंथिया पुन्हा जिवंत दिसते. लानुव्हिउमहून ती अवचित परतते, कवीच्या मेजवानीवर झडप घालून तेथील दोन स्त्रियांना पळवून लावते आणि कायदेशीर तहनाम्याच्या थाटात अटी घालून त्याला पुन्हा आपल्या सत्तेखाली आणते. तिसऱ्या खंडाचा निरोप अशा रीतीने मृत्यूलाही अंतिम करता आला नाही. एलिजीकारांमध्ये ज्या एकमेव स्त्रीची रचना उपलब्ध आहे, त्या सुल्पिकियाने प्रियकराच्या बेपर्वाईबद्दल उपरोधाने नापसंती व्यक्त केली आहे; परंतु तिने वार्धक्याचा शाप दिलेला नाही किंवा निरोपाची घोषणाही केलेली नाही.

ऑव्हिड (इ. स. पू. ४३–इ. स. १७) : ऑव्हिडपर्यंत हा प्रकार इतका परिचित झाला होता, की त्याच्याशी खेळ करणे शक्य झाले. आमोरेसच्या तिसऱ्या खंडातील ११ व्या कवितेत तो मोठ्या आवेशाने आपण मुक्त झाल्याचे, प्रेमाला पायाखाली तुडविल्याचे जाहीर करतो. प्रोपर्तिउसचे पुष्पमाला ल्यालेले गलबत येथेही आहे. मात्र कवितेच्या उत्तरार्धात राग आणि प्रेम त्याचे हृदय दोन दिशांना ओढतात आणि जमल्यास द्वेष करीन, नाहीतर मनाविरुद्ध प्रेम करीन, अशा तडजोडीवर तो येतो. ह्या विसंगतीमुळे काही संपादकांनी तिच्या दोन कविता केल्या आहेत. परंतु ही विसंगती प्रकाराच्या स्वभावातच आहे, हे कातुलुसच्या कवितेवरून दिसून येते. संग्रहाच्या अखेरीस (३·१५) ऑव्हिडने व्हीनसला दुसरा कवी शोधावयास सांगून एलिजीचाच निरोप घेतला आणि शोकात्मिकेकडे वळण्याचा मनोदय व्यक्त केला. त्याची मेदेआ ही शोकात्मिका आज उपलब्ध नाही. येथे प्रेयसीचा उल्लेखही नाही. प्रेमाचा निरोप आणि प्रेमकाव्याचा निरोप ह्या दोन गोष्टी एकच आहेत, हे पूर्वसूरींच्या काव्यातील अध्याहृत सूत्र ऑव्हिडने उघड केले.

इ. स. २ च्या सुमारास त्याने रेमेदिया आमोरिस (प्रेमावरील उपाय) हे ८१४ ओळींचे उपदेशपर काव्य एलिजीच्याच छंदात लिहिले. निरोपाची सर्व सामग्री येथे औषधांच्या यादीप्रमाणे मांडलेली आहे. आळस टाळावा, न्यायसभा, युद्ध, शेती, शिकार किंवा प्रवास ह्यांत मन गुंतवावे, तिचे दोष आठवावेत, तिने साजशृंगार करण्यापूर्वी सकाळीच तिच्याकडे जावे, जुनी पत्रे वाचत बसू नये, ती जाळावीत, प्रेमकवींचे ग्रंथ हाती धरू नयेत. वर्ज्य कवींच्या यादीत तिबुलुस, प्रोपर्तिउस, गालुस ह्यांच्याबरोबर तो स्वतःलाही घालतो. कोलाइन वेशीजवळील व्हीनसच्या मंदिरात विस्मृती देणाऱ्या प्रेमदेवतेची उपासना होते, असेही त्याने सांगितले आहे. ही देवता आपल्या मशाली थंड पाण्याने विझविते.

ह्याच काव्यात ऑव्हिडने सर्व प्रेमनिरोपांवर एक मर्मग्राही अभिप्राय दिला आहे. प्रेम संपले असे सांगत सुटण्यापेक्षा गप्प राहणे बरे. जो वारंवार आणि अनेकांना आपण प्रेम करीत नसल्याचे सांगतो, तो प्रेमात असतोच. द्वेषाने प्रेम संपविणाराही एकतर अद्याप प्रेमात असतो किंवा त्याचे दुःख सहजी संपत नाही. ह्याच्या पुष्ट्यर्थ त्याने पत्नीला न्यायालयात खेचणाऱ्या एका तरुणाचा किस्सा दिला आहे. ती पालखीतून बाहेर येताच तो अवाक्‌ होतो, त्याच्या हातातील लेखपट्ट्या गळून पडतात आणि आपण हरल्याचे कबूल करून तो तिला मिठी मारतो. खरा निरोप हा हळूहळू, शांतपणे व शब्दांवाचून घ्यावयाचा असतो, हा ऑव्हिडचा निष्कर्ष मान्य केला, तर प्रेमाचा निरोप जाहीर करणारी प्रत्येक कविता स्वतःच्याच विरुद्ध साक्ष देते, असे म्हणावे लागते.

होरेसची समांतर रचना : होरेस (इ. स. पू. ६५–८) हा एलिजीकार नव्हे, तथापि ह्या सूत्राचा त्याने केलेला उपयोग तुलनेसाठी उद्‌बोधक आहे. पहिल्या खंडातील पाचव्या उद्देशिकेत (ओड) तो पिऱ्हा नावाच्या स्त्रीच्या प्रेमातून वाचलेला प्रवासी म्हणून आपली ओली वस्त्रे समुद्रदेवतेला अर्पण करतो. तिसऱ्या खंडातील २६ व्या उद्देशिकेत निवृत्त सैनिकाप्रमाणे आपली शस्त्रे आणि वीणा व्हीनसच्या मंदिरात टांगतो. परंतु शेवटच्या ओळींत मानी क्लोईला एकदा तरी चाबकाचा स्पर्श व्हावा, अशी प्रार्थना करून सारी निवृत्ती संशयास्पद ठरवितो. चौथ्या खंडाच्या (इ. स. पू. सु. १३) आरंभी, पन्नाशीच्या आसपास पोहोचलेल्या कवीवर व्हीनस पुन्हा चाल करून येते. एलिजीकारांच्या निरोपात वेदना अधिक, तर होरेसच्या निरोपात वयाचे भान व स्मित अधिक, असा भेद करता येईल.

आधुनिक विवेचन : एकोणिसाव्या शतकातील अभ्यासक ह्या कवितांकडे आत्मचरित्राची साधने म्हणून पाहत व त्यांतून कवींच्या प्रेमप्रकरणांचे कालक्रम ठरवीत. प्रोपर्तिउसच्या पाच वर्षांचा मेळ घालण्याचे प्रयत्न ह्याच भूमिकेतून झाले. विसाव्या शतकात रूढ प्रकार व घटक ह्यांवर भर दिला गेला. पॉल व्हेन ह्या फ्रेंच इतिहासकाराने १९८३ मध्ये एलिजीतील प्रेम हा एक साहित्यिक खेळ असल्याचे प्रतिपादन केले. मारिया वाइक ह्या अभ्यासिकेने १९८७ मध्ये सिंथिया ही प्रत्यक्ष स्त्री नसून कवितेने घडविलेली, कवितेच्याच धोरणांनुसार बदलणारी व्यक्तिरेखा आहे, असे दाखविले. शॅरन जेम्स हिने २००३ मध्ये ह्या कविता गणिकेच्या दृष्टीने वाचल्या. तारुण्य आहे तोवरच उपजीविका साधणाऱ्या स्त्रीला भेटवस्तू मागणे भाग असते; तेव्हा वार्धक्याचा शाप हा तिच्या दृष्टीने कवीच्या रागाचा अलंकार नसून प्रत्यक्ष संकटाची आठवण असते. ह्या विवेचनामुळे निरोपाच्या कवितांतील न्याय एकतर्फी असल्याचे भान आले. तथापि हे सारे रूढ संकेत आहेत म्हणून त्यांतील भावना पोकळ ठरत नाही. शोक करण्याची रीत ठरलेली असली, तरी शोक खराच असू शकतो. निरोपाचेही तसेच आहे.

परंपरा : सहाव्या शतकात माक्सिमिआनुस ह्या कवीने सहा एलिजींत वृद्धाच्या मुखातून प्रेमाचा निरोप मांडला. प्रेयसीला दिलेला वार्धक्याचा शाप तेथे स्वतः प्रियकरालाच भोवलेला दिसतो. ऑव्हिडचे उपायकाव्य मध्ययुगीन पाठशाळांत वाचले जाई. प्रेमज्वराच्या वैद्यकीय चर्चेतही त्यातील उपायांचा आधार घेतला गेला. रॉबर्ट बर्टनच्या विषण्णतेवरील सुप्रसिद्ध ग्रंथात (१६२१) त्यांचे पडसाद आढळतात. इंग्रजी सुनीतांत टॉमस वायट (सु. १५०३–४२) ह्याने प्रेमाला व त्याच्या कायद्यांना निरोप दिला, तर मायकेल ड्रेटनने १६१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सुनीतात हस्तांदोलन करून शांतपणे दूर होणारा प्रियकर रंगविला. त्या सुनीताच्या अखेरच्या ओळींत मरणासन्न प्रेम तिने मनात आणल्यास अजूनही जगू शकेल, असे सूचित केलेले आहे. कातुलुसच्या कवितेत प्रश्नांच्या रूपाने जी वाट मोकळी राहिली होती, तीच येथे सोळा शतकांहून अधिक काळानंतर पुन्हा मोकळी ठेवलेली दिसते.